न घडलेले वादळ आणि न लिहिलेली शाकारणी

इतिहासाच्या पुस्तकांत काही वादळे अशीही आहेत की जी कधी झालीच नाहीत. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर भयंकर चक्रीवादळ कोसळले आणि त्यात एक लाख माणसे दगावली, अशी नोंद जगातील महान आपत्तींच्या अनेक याद्यांत वर्षानुवर्षे छापली जात आली आहे. १८८१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती. म्हणजे शहरातले दर सात-आठ माणसांमागे एक माणूस एका दिवसात नाहीसे झाले, असे या याद्यांचे म्हणणे. इतका मोठा संहार झाला असता तर त्या काळच्या वर्तमानपत्रांत, सरकारी अहवालांत आणि घराघरांतल्या आठवणींत त्याचा काही मागमूस राहिला असता. तो सापडत नाही. अमिताव घोष यांनी ही शंका बोलून दाखवली, आणि अॅडम सोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वादळ-जोखमीवरील २०१९ सालच्या संशोधनात हे वादळ झालेच नसावे असा निष्कर्ष काढला. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले, तिसऱ्याने त्यावर विश्वास ठेवला, असा हा प्रकार दिसतो.

न घडलेल्या या वादळाचा विषय येथे काढण्याचे कारण वेगळे आहे. त्याच १८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्यावरचे खंड प्रसिद्ध झाले. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाण्याचा उत्तर भाग होता. त्या खंडांत डोंगर, नद्या, झाडे, जाती-जमाती, पिके, बाजार या सर्वांची बारकाईने नोंद आहे आणि त्यात वारल्यांच्या घरांबद्दलही थोडे लिहिलेले आहे : कुडाच्या भिंती, त्यावर मातीचा लेप, वर गवताचे छप्पर. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते दारिद्र्याचे वर्णन होते. वारा-पावसाला तोंड देण्याची एक पूर्ण व्यवस्था म्हणून त्या ओळींकडे तेव्हा कोणी पाहिले नाही, आणि पुढेही फारसे कोणी पाहिले नाही.

आपत्तींचा इतिहास लिहिणाऱ्यांनी घडलेल्या संकटांची मोजदाद केली, आणि प्रसंगी न घडलेल्यांचीही केली. पण संकट आले तर निभावून न्यावे म्हणून माणसांनी दरवर्षी उपसलेल्या कष्टांची मोजदाद कोणी ठेवली नाही. पालघरच्या डोंगराळ गावांच्या बाबतीत ही उणीव नुसती अभ्यासकांपुरती राहत नाही. ज्यांच्या तयारीची नोंद नाही त्यांना तयारी ठाऊकच नाही असे गृहीत धरले जाते, आणि त्या गृहीतकावर आजचे आराखडे उभे राहतात. हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समुद्राकडे तोंड केलेला बावटा

प्रथम भूगोल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी वसई, पालघर, डहाणू आणि तलासरी यांना किनारा आहे, तर वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा आतल्या अंगाला आहेत. बोईसरच्या स्थानकावर उतरून पश्चिमेला गेले की तारापूरचा किल्ला, अणुवीज केंद्र आणि किनाऱ्याने दक्षिणेला सरकत गेले की सातपाटीचा कोळीवाडा लागतो. पूर्वेला वळले की आशेरीचा डोंगर दिसू लागतो, सूर्या नदी आडवी येते, आणि पन्नास-साठ किलोमीटरांच्या वाटचालीत जमीन चढत चढत जव्हारच्या साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर जाऊन पोहोचते. पश्चिम प्रशांत महासागरात ज्याला टायफून म्हणतात तेच आपल्याकडचे चक्रीवादळ. जमिनीवर आल्यावर त्याच्या वाऱ्याचा जोर ओसरत जातो, परंतु त्याने वाहून आणलेले पाणी डोंगराला अडून ओतले जाते. किनाऱ्यावर वादळ येते ते वारा आणि भरती घेऊन. डोंगरात ते पोहोचते तोवर त्याचे रूप फुगलेल्या ओढ्यांचे, खचलेल्या वाटांचे आणि उडालेल्या छपरांचे झालेले असते.

उत्तर कोकणावर थेट आदळलेली वादळे मोजकीच आहेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अरबी समुद्रातली बहुतेक वादळे गुजरातकडे किंवा ओमानकडे जातात. पण जी आली त्यांच्या नोंदी पाहिल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. १५ मे १६१८ रोजी सुरू झालेल्या वादळाचे पोर्तुगीज वृत्तान्तांवरून आलेले वर्णन गॅझेटियरांत मिळते. त्यात वसई-मुंबईच्या परिसरातील चर्चची उडालेली शिखरे आहेत, बुडालेली जहाजे आहेत आणि दोन हजार मृतांचा आकडा आहे. नोव्हेंबर १८५४ च्या वादळाने मुंबईत चार तासांत सुमारे हजार माणसांचा बळी घेतला आणि पाच लाख पौंडांची मालमत्ता नष्ट केली, अशी नोंद आहे. २१-२२ नोव्हेंबर १९४८ च्या वादळाने मुंबईला झोडपले, त्याच्या आठवणी शहरात दीर्घकाळ निघत राहिल्या. त्याच वर्षी जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. या नव्याने सामील झालेल्या डोंगरी मुलखाचे त्या दोन दिवसांत काय झाले, हे वादळाच्या प्रचलित वर्णनांतून कळत नाही. ज्याची किंमत पौंडांत वा रुपयांत मांडता आली, त्याचीच नासधूस नोंदली गेली. गवताच्या छपराला बाजारभाव नसतो.

इशाऱ्याची व्यवस्थाही समुद्राकडे तोंड करूनच उभी राहिली. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर मोठे वादळ आले, आणि पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाचे इशारे देण्यास सुरुवात झाली. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. बंदरांवर धोक्याचे बावटे चढू लागले. आजही आपल्या वर्तमानपत्रांत 'तीन नंबरचा बावटा' असे शब्द येतात ते या परंपरेतून. हा बावटा जहाजासाठी असतो, आणि कोळ्याला तो वाचता येतो. डोंगराकडे तोंड केलेला बावटा कोणी उभारला नाही, कारण डोंगरात बुडण्यासारखे असे काही नाही, अशी समजूत होती.

तारापूरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. येथील अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. अणुकेंद्राभोवती १.६ किलोमीटरांचे वर्ज्य क्षेत्र असते, आणि १६ किलोमीटरांच्या परिघातल्या गावांसाठी आणीबाणीचा आराखडा करून त्याच्या रंगीत तालमी घेतल्या जातात. म्हणजे या मुलखात शासनाला सज्जता ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. ती कंपासाने वर्तुळ आखून मोजलेली होती. मात्र तिचे केंद्र यंत्रात होते आणि तिथून अंतर वाढत गेले की सज्जताही विरळ होत जाई. जव्हार-मोखाड्याचे पाडे अशा कोणत्याच वर्तुळात बसत नव्हते.

आगोट

मग हे पाडे इतकी शतके तगले कसे? त्याचे उत्तर ज्या शब्दात आहे तो शब्द कोकणात अजून ऐकू येतो : आगोट. मृगाच्या आधीचे दिवस, आणि त्या दिवसांत करायची पावसाळ्याची बेगमी. सातपाटी-तारापूरच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारल्या जात, जाळी उचलून ठेवली जात, उन्हाळाभर बांबूच्या वलांडीवर सुकवलेले बोंबील आणि सुकट भरून ठेवली जाई. त्याच सुमारास डोंगरातल्या घरांची छपरे उतरत असत. या दोन तयाऱ्या एकमेकींना धरून होत्या. किनाऱ्याचे सुके मासे आठवडी बाजारांतून वर चढत, आणि डोंगरातला बांबू व सरपण खाली उतरे. पावसाळ्याचे चार महिने कोळ्याचा समुद्र बंद आणि वारल्याची वाट बंद. दोघांनाही बंद दाराआड जगायचे असे, आणि ते एकमेकांच्या मालावर जगत.

डोंगरातल्या घराची तयारी मात्र पावसाआधी सहा महिने सुरू होई. कार्तिक-मार्गशीर्षात गवत वाळले की कापून त्याचे भारे रचून ठेवायचे. कारवी तोडून आणायची. मेढी, आढे, वासे यांत किडलेले काय आहे ते पाहून बदलायचे. कारवीच्या काठ्या विणून कूड उभा करायचा आणि शेण-मातीने लिंपायचा. हे लिंपण बहुतांशी बायकांच्या हातचे. वैशाखात जुने छप्पर उतरवायचे, कुजलेले गवत शेतात राबाला जायचे, आणि नवे गवत थरावर थर चढवून बांधायचे. हीच शाकारणी. ती एकट्या घराला उरकणारी नव्हे. आज तुमच्या घरावर, उद्या आमच्या घरावर, अशी सावड असे. मजुरीचा हिशेब नसे, पण कोण आले आणि कोण आले नाही याचा पक्का हिशेब सर्वांच्या मनात असे.

या घराची रचना जरा बारकाईने पाहिली तर तिच्यातले शहाणपण दिसते. वळचण इतकी खाली की आत शिरताना वाकावे लागते, म्हणून वाऱ्याला छपराखाली हात घालायला जागा मिळत नाही. कुडाची भिंत वाऱ्यात वाकते, पण सहसा एकदम कोसळत नाही. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे हे घर पडलेच तर जे अंगावर पडते ते गवत, माती आणि काठ्या. त्याने माणूस जखमी होईल, पण त्याखाली चिरडून मरण्याचा संभव कमी. शिवाय ते पुन्हा उभारण्यासाठी लागणारे सारे साहित्य पाड्याच्या भोवती उगवत असते. सज्जतेची याहून नेमकी व्याख्या आजच्या शास्त्रातही क्वचितच सापडेल. घर अभंग राहिलेच पाहिजे असा हट्ट तिच्यात नाही, ते मोडले तर माणूस वाचावा आणि घर पंधरवड्यात पुन्हा उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे.

घराच्या आतही हीच दृष्टी होती. कणगीत भात, नागली आणि वरई. बी-बियाणे वेगळे, धुराच्या आसपास टांगलेले. वाळवलेली मोहाची फुले. धान्य सरत आले तर रानातले करांदे आणि कडूकंद, ज्यांचा कडूपणा काढण्याची कृती आजीकडून नातीकडे येई. पहिल्या पावसात उगवणारी कोळीची भाजी रीतसर मान दिल्याखेरीज खायची नाही, हा नियमही आम्हांस केवळ धार्मिक वाटत नाही. कोवळ्या कोंबांना वाढू देण्याची ती सामूहिक शिस्त होती. या सर्वांस कोणी आपत्ती व्यवस्थापन असे नाव दिले नव्हते. ते पंचांगासारखे वर्षाच्या अंगात मुरलेले होते.

गवत, लाकूड, धान्य, वेळ

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही गतकाळाचे गोडवे गात आहोत. तसे नाही. या व्यवस्थेला चार गोष्टी लागत : गवत, लाकूड, धान्य आणि स्वतःच्या श्रमांवर स्वतःचा ताबा, म्हणजे वेळ. गेल्या दीडशे वर्षांचा या भागाचा इतिहास म्हणजे या चारही गोष्टी एकामागून एक हातातून निसटल्याचा इतिहास आहे.

लाकडापासून आरंभ करू. येथल्या सागावर डोळा जुनाच. इंग्रजी अमलात १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि मेढीसाठी खांब तोडणे, कारवी आणणे, राब भाजणे या गोष्टी हक्काच्या होत्या त्या सवलतीच्या झाल्या. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो, आणि मधल्या मधे तिची किंमतही मागू शकतो. घराची डागडुजी ही वनरक्षकाच्या मर्जीची बाब झाली.

गवताची कथा अधिक विलक्षण आहे. डहाणू-उंबरगाव भागातले गवत मुंबईच्या जनावरांसाठी विकले जाई आणि जमीनदारांना त्यातून भरघोस पैसा मिळे. ते कापायचे काम वारली करीत, आणि बऱ्याचदा वेठीने करीत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ व लग्नगड्याची पद्धत बंद करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जो संप झाला तो गवतकापणीच्या मजुरीसाठी होता : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या आत्मकथनामुळे हा लढा मराठी वाचकांस परिचित आहे. आपण तो वेठमुक्तीचा आणि मजुरीचा लढा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. आमचे म्हणणे इतकेच की त्याला आणखी एक अर्थ होता. ज्या हंगामात स्वतःच्या छपराचे गवत कापून ठेवायचे, त्याच हंगामात माणूस दुसऱ्याच्या गंजी रचण्यात अडकलेला असे. वेठ उठली म्हणजे मजुरी तर मिळालीच, पण स्वतःच्या घरासाठी कार्तिक महिनाही मिळाला.

धान्याचे काय झाले ते 'खावटी' या शब्दात साठवले आहे. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की सावकाराकडून धान्य उचलायचे आणि सुगीला दीडपट-दुपटीने फेडायचे. डी. सिमिंग्टन यांनी आदिवासी आणि डोंगरी जमातींविषयी १९३९ साली सादर केलेल्या अहवालात या पिळवणुकीचे चित्र आले आहे. पुढे शासनाने स्वतःची खावटी कर्ज योजना आणली. ती अनेक वर्षे चालली, बंद पडली, आणि करोनाच्या काळात तिचे रूपांतर अनुदानात झाले. पण १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले की येथला पावसाळा कोणत्याही चक्रीवादळाविनाही माणसे मारू शकतो. ज्या घरात जुलै महिन्यात धान्य नाही, त्या घराला वादळाचा इशारा वेळेवर मिळाला तरी त्याने करायचे काय?

उरला वेळ. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की मोखाडा-जव्हारची कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. वसई, भिवंडी, वाडा ही त्यांची ठिकाणे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांनीही मजूर ओढून घेतले. माणसे परततात ती मृगाच्या तोंडाशी. गवत कापायच्या दिवसांत ती भट्टीवर असतात, कूड लिंपायच्या दिवसांतही तिथेच. सावड मोडली ती आळसाने किंवा स्वार्थाने मोडलेली नाही. सावडीला लागणारे लोकच सहा महिने पाड्यावर नसतात.

वैशाखातला वारा

या व्यवस्थेची स्वतःची मर्यादाही सांगितली पाहिजे. आगोटीचे वेळापत्रक मोसमी पावसासाठी आखलेले आहे, चक्रीवादळासाठी नव्हे. अरबी समुद्रातली वादळे प्रामुख्याने पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. १६१८ चे वादळ १५ मे रोजी सुरू झाले. तौक्ते वादळ पालघरच्या समोरून उत्तरेकडे गेले ते १७ मे २०२१ रोजी. चारशे वर्षांच्या अंतराने तोच आठवडा. आणि हाच तो आठवडा की जेव्हा छप्पर उतरवलेले किंवा अर्धवट शाकारलेले असते, सरपण उघड्यावर असते आणि निम्मी माणसे अद्याप परतलेली नसतात. दुसऱ्या टोकाला १९४८ चे वादळ २२ नोव्हेंबरचे, आणि फयान ११ नोव्हेंबर २००९ चे. या दिवसांत भात कापून खळ्यावर आलेले असते किंवा शेतात त्याची कडपे पडलेली असतात. म्हणजे डोंगरातले घर जून ते सप्टेंबर या काळात सर्वाधिक सज्ज असते, आणि वादळ नेमके त्याच्या आगेमागे येते. परंपरेत सर्व उत्तरे आहेत असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. येथे उपग्रह, रडार आणि वेळेवर पोहोचणारा निरोप यांची गरज आहे, आणि ती परंपरेने भागणारी नाही.

तौक्तेच्या वेळी साऱ्या देशाचे लक्ष समुद्राकडे होते, आणि ते साहजिक होते. तराफा पी-३०५ बुडून अनेकांचे प्राण गेले. पालघरच्या किनाऱ्यावर येऊन अडकलेल्या 'गॅल कन्स्ट्रक्टर' या दुसऱ्या तराफ्यावरील १३७ जणांना हेलिकॉप्टरांनी सुखरूप उतरवले. त्याच दिवशी जिल्ह्याच्या आतल्या तालुक्यांत घरांची छपरे उडाली, आंबा-चिकूचे नुकसान झाले, वीज गेली. त्याचे पंचनामे झाले आणि 'अंशतः पडझड' या रकान्यात आकडे भरले गेले. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या वनजमिनीवर राबणाऱ्याच्या पिकाचा पंचनामा करणे किती जिकिरीचे असते, हे त्या भागात वावरलेल्या कोणासही ठाऊक आहे.

आता छपरेही बदलली आहेत. गवत मिळेना, कारवी आणता येईना, सावडीला माणसे जमेनात, तेव्हा पत्रा आला. पत्रा दरवर्षी बदलावा लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण, आणि भट्टीवरून जूनमध्ये परतणाऱ्या कुटुंबाने तो निवडला यात चुकीचे काहीही नाही. पण कुडाच्या घरावर नुसता ठेवून वर दगड रचलेला पत्रा वाऱ्यात सुटला की तो घराचे रक्षण करीत नाही, शेजाऱ्याच्या जिवावर उठतो. जुन्या घराचा हलकेपणा गेला आणि नव्या घराचा भक्कमपणा आला नाही, अशा मधल्या अवस्थेत आज अनेक पाडे आहेत.

डहाणू-तलासरीच्या गावांनी हा पेच दुसऱ्या बाजूनेही अनुभवला. नोव्हेंबर २०१८ पासून तेथे भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला एक चारहून अधिक तीव्रतेचा होता, आणि धावपळीत एका दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. धुंदलवाडी, हळदपाडा आणि आसपासच्या गावांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. तंबू नंतर आले. आधी लोकांनीच अंगणात मांडव घातले, मुले-म्हातारी तिथे निजवली आणि शेकोट्या पेटवून जागरणे केली. विटा-मातीच्या भिंतींना तडे जात असताना जुन्या कुडाच्या घरांचे मोल पुन्हा एकदा दिसले. भूकंपाला हलके छप्पर मानवते, वादळाला घट्ट बांधलेले. दोन्ही संकटांच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने कोणते घर बांधावे, या प्रश्नाचे उत्तर एकट्या अभियंत्याकडे नाही आणि एकट्या भगताकडेही नाही.

यादीबाहेरची गावे

डोंगरातली माणसे शासनाच्या नजरेत केव्हा येतात? मोठी जीवितहानी झाली म्हणजे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी गाडली गेली. या दोन्ही घटना चक्रीवादळाच्या नव्हत, मोसमी पावसाच्या होत्या, पण प्रश्न तोच आहे. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे शासनानेच सांगितले. यादी करणारे पायथ्याशी बसतात आणि वाडी वर असते.

नकाशावर भिस्त ठेवल्याने काय होते याचे याहून भीषण उदाहरण फिलिपिन्समधले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये 'बोफा' हे टायफून मिंदानाओ बेटावर आले. तो भाग टायफूनच्या नेहमीच्या वाटेवर नाही, जसा पालघरही नाही. डोंगरातून सुटलेल्या दगड-चिखलाच्या लोंढ्याने आंदाप हे गाव धुऊन नेले आणि पाचशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. आश्रयासाठी लोक जिथे जमले होते ती जागाच लोंढ्याच्या वाटेत होती. जुन्या लोंढ्यांनी आणून टाकलेल्या गाळावर गाव वसले होते, आणि तेथे नव्याने वसलेल्या लोकांना ही जमीन कशी बनली हे ठाऊक नव्हते. जमिनीची आठवण ठेवणारी माणसे आणि हवामान वाचणारी यंत्रे यांची गाठ पडली नाही, तर दोन्ही निरुपयोगी ठरतात.

याच्या उलट जपानमधील शिराकावा-गो या डोंगरी खेड्यांकडे पाहा. तेथील उंच गवती छपरे शाकारण्यासाठी गावकरी शेकड्यांनी जमतात आणि एकेक पाखे एक-दोन दिवसांत उरकतात. या परस्परसाहाय्याला 'युई' म्हणतात. आपल्या सावडीचीच ती जपानी बहीण. १९९५ साली ही खेडी जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि छपरांसाठी शासकीय मदत मिळते. तेथे गवताला वारसा मानले. आपल्याकडे गवत ही वनोपज होती, आणि ती विनापरवाना आणणारा गुन्हेगार.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधिकरणे आणि आराखडे आले. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश झाला, त्यातून निवारे, बंधारे, इशारायंत्रणा अशी कामे निघाली, आणि ती किनाऱ्यासाठी आहेत. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाच्या वेळी पालघरच्या किनारपट्टीवरून हजारो लोकांना करोनाच्या धास्तीतही हलवण्यात आले. वादळ अलिबागकडे वळले, पण ते काम चोख झाले होते. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. प्रश्न आहे तो किनाऱ्यामागच्या डोंगराचा. आराखड्यांत तेथील लोकांसाठी बहुधा एकच शब्द असतो : जनजागृती. जणू ही माणसे आजवर झोपली होती.

आमच्या मते येथे जागृतीपेक्षा हक्कांची चर्चा व्हायला हवी. ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि वनहक्क कायदा २००६ चा. आपत्ती व्यवस्थापनाच्या चर्चेत या दोहोंचे नाव क्वचितच निघते, आणि डोंगरात तर तेच आपत्ती व्यवस्थापनाचे मूळ कायदे आहेत. सामूहिक वनहक्क असलेली ग्रामसभा कारवी, बांबू आणि गवत राखू शकते. तीच ठरवू शकते की वैशाखात सारी छपरे एकदम उतरवायची नाहीत, पाळीपाळीने उतरवायची, म्हणजे मेच्या मध्यात वादळ आले तर निम्मा पाडा तरी झाकलेला असेल. कोणता ओढा केव्हा फुगतो, कोणती कड कोणत्या साली सरकली, कोणत्या घरात बाळंतीण आहे आणि तिला झोळीतून न्यायची तर चार खांदे कोणाचे, हे तलाठ्याच्या दप्तरात नसते, ग्रामसभेला तोंडपाठ असते. तिला फक्त दोन गोष्टी बाहेरून हव्यात : हवामान खात्याचा निरोप तिच्या बोलीत आणि वेळेवर, आणि पत्रा आढ्या-वाशांना नीट जखडण्यासाठी लागणारे साहित्य. तिसरी गोष्ट अवघड आहे. माणसे आगोटीच्या दिवसांत पाड्यावर असावीत इतके काम गावाजवळ मिळायला हवे. रोजगार हमीचा जन्म ज्या राज्यात झाला त्या राज्याला ही कल्पना नवी वाटू नये.

इतिहासकाराचे कामही येथे संपत नाही. १८८२ च्या खोट्या वादळाला जितकी शाई लागली, तिच्या शतांशानेही एखाद्या पाड्याची शाकारणी कोणी वर्षावर्षाची नोंद ठेवून लिहिलेली नाही. कोणत्या साली गवत मिळाले नाही, कोणत्या साली सावड मोडली, पहिला पत्रा कोणाच्या घरावर चढला, तौक्तेच्या दिवशी कोण कोणाच्या घरात निजायला गेले, हे सांगणारी पिढी अजून हयात आहे. ती साठी-सत्तरीच्या पुढे आहे. तिच्याकडून हे लिहून घेतले तर पुढच्या वादळाआधी कोणता आराखडा करायचा, याचा निम्मा मसुदा हाती येईल. ते वादळ केव्हा येईल हे सांगता येणार नाही. ते वैशाखात किंवा कार्तिकात येईल, इतके मात्र चारशे वर्षांच्या नोंदी सांगत आहेत.